आमची वाटचाल : फोंड्याहून अंकोरपर्यंत

मे सरता सरता गोव्याच्या किनाऱ्यावरचे शॅक उतरवले जातात. खांब, झावळ्या, टेबलं बांधून ठेवली की पर्यटनावर पोट असलेल्या माणसाला चतुर्थीपर्यंत फारसं काम नसतं. आमचा धंदा या रिकाम्या महिन्यांवर उभा आहे. टॅक्सीवाले, शॅकवाले, गेस्ट हाऊस चालवणारे आणि त्यांच्या घरची माणसं, यांना आम्ही आशियातल्या देशांत घेऊन जातो. मागाहून शिक्षक, बँकेतले लोकही येऊ लागले, पण मूळ गिऱ्हाईक हेच.

त्याआधी मी फोंड्यात साइटसीइंगची बस चालवायचो. सकाळी जुनं गोवं, मग मंगेशी, शांतादुर्गा, जेवण, संध्याकाळी मिरामार आणि दोना पावला. मंगेशीला पर्यटकांना वीस मिनिटं मिळत, त्यातली निम्मी चपला शोधण्यात जात. काजूच्या दुकानापाशी मात्र गाडी निवांत थांबायची, कारण तिथे कमिशन होतं. नाक मुरडायचं कारण नाही, आमच्या घरची चूल त्यावरही पेटत होती.

परदेशी सहली काढायचं ठरल्यावर एका एजंटाने बँकॉकचा तयार कार्यक्रम पाठवला. राजवाड्याला तासभर, वाट फोच्या देवळाला त्याहून कमी (तिथला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे, पायापासून डोक्यापर्यंत नुसतं चालायलाही वेळ लागतो) आणि रत्नांच्या दुकानाला दोन तास. पहिल्याच गटात टॅक्सीवाले होते. गाडी दुकानाच्या आवारात वळली तशी मागच्या सीटवरून आरोळी आली, "काजू आयले रे!" सगळी बस हसली आणि कुणीही खाली उतरेना.

तेव्हापासून दुकानाचा थांबा आमच्याकडे नाही. कमिशन गेलं म्हणून दर थोडा चढा, आणि तो का चढा हे आम्ही पैसे घेण्याआधीच सांगतो. धंद्यातल्या माणसाला हा हिशेब चटकन पटतो, नोकरदारांशी जरा बोलावं लागतं.

दुसरा नियम म्हणजे दिवसाला एकच मोठं ठिकाण. गर्दीची ठिकाणं टाळून कुणाला ठाऊक नसलेलं गाव दाखवण्याची हल्ली टूम आहे. आम्हाला ती पटत नाही. लोक पैसे साठवतात ते कंबोडियातलं अंकोर वाट बघायला, मग अंकोर वाटच नीट दाखवावं.

बाराव्या शतकात राजा दुसऱ्या सूर्यवर्मनाने हे देऊळ विष्णूसाठी बांधलं. तोंड पश्चिमेला, त्यामुळे सूर्य शिखरांमागून उगवतो आणि पहाटे तळ्याकाठी हात वर करून मोबाइल धरलेल्यांची दाटी होते. ऊन वर आलं की हे सगळे हॉटेलात नाश्त्याला पळतात. आम्ही नाश्ता बरोबर घेतलेला असतो. त्याच वेळी आत शिरून पूर्वेकडची ओवरी गाठायची. तिथे समुद्रमंथनाचं शिल्प आहे, सुमारे ४९ मीटर लांब. वासुकीचं एक टोक असुरांकडे, दुसरं देवांकडे, मधे विष्णू, खाली कूर्म. गाइड माहिती सांगू लागला की गटातली एखादी आई त्याला थांबवते आणि गोष्ट स्वतःच पुरी करते. गाइडही आता सरावलेत. समोरून फोटो हवा असेल तर दुपारनंतर, तेव्हा ऊन दर्शनी बाजूवर असतं. पावसाळ्यात तिथेही दुपारचा पाऊस येतो खरा, पण पावसाला भिणारा गोंयकार आम्हाला अजून भेटायचा आहे. पास एका दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२. आम्ही तीन दिवसांचाच काढतो.

कोरडी हवा हवी असेल तर जावा आणि बाली. ही बेटं विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून आपल्याकडे धो धो कोसळत असताना तिथे ऊन पडलेलं असतं. आमची सर्वांत जास्त खपणारी सहल हीच. जावातलं बोरोबुदूरचं बौद्ध मंदिर नवव्या शतकातलं. वर चढायची तिकिटं मोजकीच निघतात, ती आधी काढावी लागतात, आणि दगड झिजू नये म्हणून चढताना मऊ सपाता घालायला देतात. भिंतींवर २,६७२ शिल्पपट आहेत. सगळे बघणं कुणाच्यानेच होत नाही. एका खेपेला जहाजावरून निवृत्त झालेला एक तारवटी शिडाच्या जहाजाच्या शिल्पासमोर ठाण मांडून बसला. त्या शिल्पाबरहुकूम बांधलेलं जहाज २००३-०४ मध्ये इंडोनेशियाहून घानापर्यंत गेलं होतं, हे कळल्यावर तर तो हलेचना. वरचे ७२ स्तूप त्याने पाहिलेच नाहीत. त्याचे पैसे वसूल झाले, असं माझं मत. त्याच्या बायकोचं तसं नव्हतं.

पाडव्याच्या सुट्टीत बाली मागणाऱ्यांना एक सूचना. तिथलं वर्षही शकाचंच आणि नववर्षाचा दिवस म्हणजे न्येपी. त्या दिवशी रस्ते बंद, दिवे बंद आणि विमानतळसुद्धा २४ तास बंद. २०२३ मध्ये पाडवा आणि न्येपी दोन्ही २२ मार्चलाच होते. तारीख बघून मगच तिकीट काढा.

२०२० बद्दल काय लिहायचं, गोव्यात घरोघरी तीच कथा. ऑफिसची जागा सोडली, बायकोने हिशेबाच्या वह्या घरी आणल्या, त्या अजून घरीच आहेत. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला, त्याच वर्षाच्या शेवटी थायलंड आणि मलेशियाने भारतीयांना व्हिसा माफ केला, आणि पुन्हा फोन वाजू लागले.

मलेशियामुळे मलाक्का आलं. क्वालालंपूरहून बसने दोनेक तास. पोर्तुगीजांच्या आफोंसो द आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतला, पुढच्याच वर्षी मलाक्का. तिथल्या टेकडीवर सेंट पॉल चर्चच्या उघड्या भिंती उभ्या आहेत. गोंयच्या सायबाचा, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचा देह गोव्यात आणण्याआधी १५५३ मध्ये इथे पुरला होता. ती जागा जाळीखाली दिसते. दर ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात फेस्ताला जाणारी आमची माणसं, हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही, तिथे आपोआप रांग लावतात.

पुढचा बेत मकावचा, चीनच्या किनाऱ्यावरच्या पोर्तुगीजांच्या जुन्या वसाहतीचा. १८४४ पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता, आणि १८३५ च्या आगीतून उरलेली तिथल्या सेंट पॉल चर्चची दर्शनी भिंत बघायला गिऱ्हाईकं आतापासून नावं देताहेत. अडचण हॉटेलांची आहे. तिथली बरीचशी हॉटेलं कॅसिनोला जोडलेली, आणि कॅसिनोसाठी आमच्या माणसाला विमानाचं तिकीट काढायला कोण सांगणार? ते मांडवीत तरंगताहेतच.