टेकडीवरच्या झाडांची पहिली तीन वर्षे

पुण्यात हिरवाई शोधायला फार लांब जावे लागत नाही. ३९ एकरांचे एम्प्रेस गार्डन आहे, १८७३ पासूनची गणेशखिंड बाग आहे, आणि जपानमधील ओकायामा शहराच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर सिंहगड रस्त्याला उभारलेले पु. ल. देशपांडे उद्यानही आहे. या बागांमध्ये मी अनेक वर्षे मनापासून रमलो आहे आणि झाडे ओळखायला तिथेच शिकलो आहे. तरीही शहराच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला पसरलेल्या टेकड्या मला अधिक जवळच्या वाटतात. बागेतल्या झाडाला माळी असतो. टेकडीवरच्या झाडाला पहाटे फिरायला येणाऱ्यांनीच पाणी घालायचे असते. हातात पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन चढण चढणारी आणि वर गेल्यावर आपापल्या रोपाच्या आळ्यात त्या रिकाम्या करणारी ज्येष्ठ मंडळी पुण्यातल्या बहुतेक टेकड्यांवर आजही दिसतात. त्यांच्याकडे पाहूनच आमच्या गटाने एका उघड्या उतारावर झाडे लावायचे ठरवले. रोप लावण्याचा दिवस या कामाचा सर्वांत सोपा भाग असतो, हे सांगण्यासाठी हा अनुभव लिहीत आहे.

पहिला प्रश्न जमिनीचा होता. पुण्याच्या टेकड्यांवर एकाच उताराचा काही भाग वन विभागाचा, काही महापालिकेचा आणि काही खासगी मालकीचा असू शकतो, त्यामुळे कुदळ हातात घेण्यापूर्वी सर्व्हे नंबर शोधणे, सातबारा काढणे आणि नकाशा जुळवून पाहणे भाग होते. जागा सरकारी असल्याचे निश्चित झाल्यावर आम्ही संबंधित कार्यालयाला नकाशा, रोपांच्या जातींची यादी आणि तीन वर्षे देखभाल करण्याचे हमीपत्र जोडून अर्ज दिला. उत्तर यायला बराच काळ गेला. मधल्या काळात अधिकाऱ्यांची बदली झाली आणि आमची फाईल कोणत्या टेबलावर आहे याचाही पत्ता लागेना. अखेर वनरक्षक स्वतः जागा पाहायला आले, आणि त्या एका भेटीत जेवढे काम झाले तेवढे कागदांनी झाले नव्हते. त्यांनी आमच्या यादीतील गुलमोहर आणि नीलमोहर काढून टाकायला सांगितले, यंत्राने खोदकाम न करण्याची आणि पक्के बांधकाम न करण्याची अट घातली, आणि वरच्या बाजूचे गवताळ पठार आहे तसेच सोडा, असे बजावले.

या शेवटच्या सूचनेचे महत्त्व आम्हाला एक पावसाळा नुसते निरीक्षण केल्यावर पूर्णपणे पटले. टेकडीवरची गवताची जागा पडीक असते आणि तिथे झाडे लावलीच पाहिजेत, असा समज शहरात फार पक्का आहे. प्रत्यक्षात टिटवी आणि चंडोल यांसारखे जमिनीवर घरटे करणारे पक्षी अशाच उघड्या जागेवर अवलंबून असतात, आणि खडकावरच्या चार बोटे मातीत पावसाळ्यात उगवणारी इवली फुलझाडे दाट सावलीत टिकत नाहीत. त्याच पावसाळ्यात एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी शेजारच्या पठारावर ऐन गवतात दाटीवाटीने रोपे लावली, छायाचित्रे काढली आणि ती मंडळी पुन्हा तिकडे फिरकली नाहीत. दिवाळीनंतर तिथे फक्त वाळक्या काड्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या उरल्या होत्या. अशा वृक्षारोपणापेक्षा ते न केलेले बरे, असे मला स्पष्टपणे वाटते.

जाती निवडताना सर्वांत मोलाची मदत झाली ती पायथ्याच्या वस्तीतून शेळ्या घेऊन वर येणाऱ्या एका आजोबांची. आम्ही एका खडकाळ जागी कडुनिंबासाठी खुणा करत असताना ते काठी टेकून थांबले आणि म्हणाले, ''अहो दादा, तिथं खाली सगळा कातळ हाय. लिंब नाय टिकायचा. तिथं सालईच लावा.'' आम्ही पहार घालून पाहिले, तर वीतभर मुरमाखाली खरोखरच अखंड कातळ लागला. त्यानंतर आम्ही संपूर्ण उतार पहारीने तपासला आणि मातीच्या खोलीप्रमाणे जागा वाटल्या. उथळ मुरमाड जागी सालई, मोई, गणेर आणि खैर, थोडी माती असलेल्या मधल्या पट्ट्यात पळस, बहावा, आपटा आणि मेडशिंगी, तर पावसाळी ओहोळाच्या कडेला करंज, उंबर आणि अर्जुन, असे ते नियोजन होते. उताराच्या खालच्या भागात गिरिपुष्प पूर्वीपासून दाट वाढलेले आहे. मूळचे मध्य अमेरिकेतले हे झाड फांदीपासून सहज लागते, गुरे त्याला फारसे तोंड लावत नाहीत आणि ते झपाट्याने वाढते, म्हणून एकेकाळी पुण्याच्या टेकड्यांवर त्याची मोठ्या प्रमाणावर लागवड झाली. फेब्रुवारीत ते गुलाबी फुलांनी भरून जाते आणि दिसायला सुंदर असते, परंतु त्याच्या गर्दीखाली स्थानिक झाडांची पोरे आम्हाला क्वचितच आढळली. ते तोडण्याची परवानगी नव्हती आणि आम्ही मागितलीही नाही.

शासकीय रोपवाटिकेतून करंज, बहावा, कडुनिंब ही रोपे मिळाली, पण मेडशिंगी आणि गणेर मिळेनात, म्हणून काही रोपे आम्ही स्वतः तयार केली. बहाव्याच्या काळ्या, हातभर लांब शेंगा फोडल्या की आत चिकट गराच्या चकत्यांमध्ये एकेक बी बसलेले असते. त्याचे कवच इतके कठीण असते की ते पॉलिश पेपरवर थोडे घासून किंवा गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजवल्याशिवाय नीट उगवत नाही. पळसाच्या पापडीसारख्या शेंगेत टोकाशी एकच चपटे बी असते आणि ते ताजे असतानाच पेरावे लागते. सालईच्या जाड फांद्या पावसाळ्याच्या तोंडाशी लावल्या. रोपांसाठी उंच पिशव्या वापरणे अत्यावश्यक आहे, कारण पळसासारखे झाड पहिली दोन-तीन वर्षे वर दिसायला जवळजवळ वाढतच नाही. त्याची सगळी शक्ती सोटमूळ खाली नेण्यात जाते, आणि लहान पिशवीत ते मूळ तळाशी वेटोळे घालून बसते.

खड्डे मे महिन्यातच खणले. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा मुरमात हाताने खणणे हे भल्याभल्यांना घाम फोडणारे काम आहे. वरची माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला काढून ठेवला आणि खड्डे उन्हात तापू दिले. पहिले दोन-तीन चांगले पाऊस होऊन ओल खोलवर गेल्यावरच लागवड सुरू केली. त्या वेळी वरची माती, कुजलेले शेणखत, पालापाचोळा आणि वाळवीसाठी मूठभर निंबोळी पेंड असे मिश्रण खड्ड्यात भरले. रोप लावताना पिशवी ओढून काढायची नाही, हा आमच्या गटाचा पहिला नियम आहे. पिशवी ब्लेडने तळापासून उभी कापायची, हुंडी, म्हणजे मुळांसकट मातीचा गोळा, दोन्ही हातांच्या ओंजळीत तोलून धरायची, तळाशी वेटोळे झालेली मुळे असतील तर तेवढीच छाटायची आणि हुंडीचा माथा जमिनीच्या पातळीला येईल अशा बेताने रोप खड्ड्यात बसवायचे. मग चहूबाजूंनी माती घालून टाचेने दाबायची, म्हणजे आत पोकळी राहत नाही. उतार असल्याने आळे गोल न करता खालच्या बाजूने दगडांचा अर्धचंद्राकृती बांध घातला, आणि त्यावर वाळलेल्या गवताचे जाड आच्छादन पसरले. ऑगस्टच्या मध्यापर्यंत लागवड संपवायचीच, असा आमचा आग्रह असतो, कारण ऑक्टोबरच्या उन्हापूर्वी मुळांना जमीन धरायला अवधी मिळाला पाहिजे.

पुण्याला वर्षाकाठी सुमारे ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस मिळतो आणि त्यातला बहुतांश चार महिन्यांत पडून जातो. उरलेल्या आठ महिन्यांचा हिशेब आपल्याला करायचा असतो. पायथ्याशी एका सोसायटीने टाकी ठेवू दिली आणि तिथून पाच लिटरचे कॅन भरून प्रत्येकाने झेपेल तेवढे वर न्यायचे, अशी पद्धत बसली. पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येक रोपाला आठवड्यातून एकदा, दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा आणि तिसऱ्या उन्हाळ्यात फक्त एप्रिल-मे महिन्यांत पाणी दिले. रोज थोडे थोडे पाणी शिंपडण्यापेक्षा अधिक दिवसांनी भरपूर पाणी देणे हितकारक असते, कारण मग मुळे ओलाव्याच्या शोधात खोल जातात. काही आळ्यांमध्ये आम्ही मातीची गाडगी गळ्यापर्यंत पुरली आणि त्यांच्या तोंडावर चपटा दगड ठेवला. त्यांतून पाणी हळूहळू पाझरत राहते. या काळात पाणी वाहणाऱ्यांची संख्या घटत जाते, ही कोणत्याही गटाची खरी अडचण असते. जुलैत रोप लावायला कुटुंबेच्या कुटुंबे येतात आणि मार्चमध्ये चार-सहा माणसे उरतात. आम्ही प्रत्येक रोप एकेका घराकडे सोपवले आणि परगावी जाताना ते शेजाऱ्याकडे सांगून जाण्याची प्रथा पाडली, तेव्हा कुठे ही गळती थांबली.

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत वणवा लागला. वाळलेल्या गवतात विझवून न टाकलेली एखादी विडीसुद्धा पुरते, शिवाय जुने गवत जाळल्याने नवे चांगले येते, असा समज असल्याने काही वेळा ते मुद्दाम पेटवले जाते. आम्ही डिसेंबरमध्ये सहा फुटी जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी गवत काढून मोकळी केलेली पट्टी, काढली होती आणि बऱ्याच रोपांभोवतीचे गवत गोलाकार कापले होते, परंतु वाऱ्याच्या झोताने ठिणग्या जाळरेषा ओलांडून आत आल्या. ओल्या डहाळ्यांनी झोडपून आग विझवताना वन विभागाचे कर्मचारी, वस्तीतले तरुण आणि आमचा गट संध्याकाळपर्यंत खपला. करंज आणि कडुनिंबाची बरीच रोपे गेली. गवत कापलेल्या आळ्यांमधली रोपे होरपळली, पण मेली नाहीत, म्हणून आम्ही काळ्या पडलेल्या खोडांनाही पाणी देणे चालू ठेवले. जूनमध्ये त्यांतल्या पळसाच्या बुंध्यांतून नवे धुमारे फुटले. तांबूस, मखमली लव असलेली तीन-तीन पाने जळक्या सालीच्या कडेने बाहेर येताना मी जवळून पाहिली आणि मला झालेला आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे. मोई आणि आपट्यानेही तसाच जोर धरला. स्थानिक झाडांचा आग्रह का धरायचा, हे नव्याने येणाऱ्यांना समजावताना आता मी त्यांना हेच बुंधे दाखवतो.

तिसऱ्या पावसाळ्यात नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरताना आम्ही जळालेल्या करंजांच्या जागी पळस आणि मोईच लावली. आज ओहोळाकाठचे उंबर डोक्याच्या वर गेले आहेत, बहाव्याने अजून फुले धरलेली नाहीत, आणि सालईच्या लावलेल्या फांद्यांपैकी बऱ्याच रुजल्या आहेत. सकाळी फिरायला येणारे लोक तिथे थांबतात, मुलांना झाडांची नावे सांगतात, आणि कोणी फांदी मोडू लागला तर त्याला हटकतात.

पहिल्या पट्ट्याला आता पाणी द्यावे लागत नाही, त्यामुळे टाकीतले पाणी या उन्हाळ्यात वरच्या अंगाच्या दुसऱ्या पट्ट्यासाठी वापरता येईल. त्याचा अर्ज दिला आहे आणि वनरक्षकांची पाहणीही झाली आहे. मेडशिंगीच्या पिळदार शेंगा तडकण्यापूर्वी बी गोळा करायचे आहे. त्यासाठी झाडे हेरून ठेवली आहेत. खड्डे नेहमीप्रमाणे मे महिन्यात खणायचे आहेत, आणि त्या कामाला माणसे कमी पडतात.