ती फिल्म मी दाखवत का नाही

व्याख्यान संपून चहा आला की कोणीतरी हमखास जवळ येते आणि विचारते, "मॅडम, बेदाणा शेडमधल्या त्या दोघींवरची तुमची फिल्म कुठे पाहायला मिळेल?" २००७ पासून हा प्रश्न माझ्या मागे आहे. सुरुवातीची काही वर्षे मी "प्रिंट खराब झाली" असे सांगत असे. ते धादांत खोटे होते, कारण फिल्म टेपवर होती आणि टेपला प्रिंट नसते. ज्याला हे कळत असे तो सभ्यपणे विषय बदलत असे. पुढे मी "काही अडचणी आहेत" एवढेच म्हणू लागले. गेल्या महिन्यात मात्र एका मुलीने आडपडदा न ठेवता विचारले, की तुम्ही स्वतः लेस्बियन असल्याचे व्यासपीठावरून सांगता, आम्हाला बोला म्हणता, मग तुमचीच पहिली फिल्म कुलपात का, तुम्ही घाबरलात का? तिला मी त्या दिवशी रागावून काहीतरी बोलले. राग तिच्यावर नव्हता. म्हणून आता नीट सांगते.

फिल्म ३८ मिनिटांची आहे. २००६ च्या हंगामात, फेब्रुवारी ते एप्रिल, मी ती मिरज आणि तासगाव यांच्या मधल्या पट्ट्यात एका शेडवर केली. गावाचे नाव तेव्हा सांगितले नाही, आताही सांगणार नाही, आणि या लेखातल्याही दोन बारीक गोष्टी मी मुद्दाम बदलल्या आहेत. द्राक्षांचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून जाळीच्या रॅकवर पसरतात, बारा-पंधरा दिवसांत त्यांचा बेदाणा होतो आणि मग बायका खाली बसून हिरवा, पिवळा, काळा असा माल निवडतात. त्या बायकांत या दोघी होत्या. एक नवऱ्याने टाकलेली, चाळिशीची. दुसरी तेवीस-चोवीस वर्षांची, बिनलग्नाची. शेडवर सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत, जणू एका घरात दिलेल्या जावा. दोघींची भाकरी एका फडक्यात असे आणि त्यात कोणाला काही वावगे दिसत नसे. ज्याला नाव नव्हते त्यावर कोणाचा आक्षेपही नव्हता. नाव देण्याचे काम माझ्या फिल्मने केले.

ते नाव मला इतके हवे का होते, हेही सांगायला हवे. १९९८ च्या डिसेंबरात दोन बायकांच्या प्रेमावरच्या 'फायर' या चित्रपटावरून मुंबई-दिल्लीत चित्रपटगृहांची मोडतोड झाली, तेव्हा मी सांगलीत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्या तोडफोडीच्या निषेधाला दिल्लीत उभ्या राहिलेल्या बायकांपैकी एकीच्या हातात 'भारतीय आणि लेस्बियन' अशा अर्थाचा फलक होता. त्याचा फोटो मी वाचनालयात उभ्या उभ्या पाहिला आणि शेजारी बसलेल्या आजोबांना दिसू नये म्हणून लगेच पान उलटले. ती बाई मला दिल्लीची वाटली, आपल्याकडची नाही. आपल्याकडची असती तर ती कशी बोलली असती, हा विचार मात्र तेव्हापासून डोक्यात राहिला. थोरलीचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटले, हाच तो.

चेहरे दाखवायचे नाहीत हे पहिल्या दिवशीच ठरले होते आणि ते मी कसोशीने पाळले. हात, पाठ, जाळीतून पडलेला उजेड, अंधारातल्या आकृत्या एवढेच चित्रित केले. आवाज बदलायचा की नाही यावर मात्र माझे आणि संकलकाचे चार दिवस भांडण झाले. तो म्हणत होता, बदल. मी म्हणत होते की बदललेला आवाज टीव्हीवरच्या गुन्हेगारांना असतो. या बायकांनी गुन्हा केलेला नाही, आणि त्यांना घोगऱ्या यंत्रातून बोलायला लावणे म्हणजे त्यांच्यावर तोच आरोप पुन्हा ठेवणे. आजही हे म्हणणे मला चूक वाटत नाही. पण तेव्हाच्या मला आज एक विचारावेसे वाटते, की बाई, हे तत्त्व तुझे होते, आवाज कोणाचा होता? दोघींनी संमतीपत्रावर सह्या केल्या होत्या हे खरे आहे. ते पत्र मराठीत होते पण वकिली मराठीत होते, आणि फिल्म म्हणून त्यांना जे दाखवले ते कॅमेऱ्याच्या बाजूला उघडणाऱ्या अडीच इंची पडद्यावरचे तुकडे होते. "आवाज तुमचाच राहील" असे मी सांगितले तेव्हा थोरली "मग काय दुसऱ्याचा लावतीस व्हय?" असे म्हणून हसली, आणि ते मी होकार समजले.

पहिले दहा खेळ मुंबई-पुण्यात झाले. सांगलीत फिल्म दाखवू नये असे मला दोघा-तिघांनी सुचवले होते आणि मी त्यांच्यावर उखडले होते. २००४ साली मुंबईच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालू पाहिली गेली, तेव्हा त्याविरोधात माहितीपटकारांनी उभ्या केलेल्या 'विकल्प' या समांतर महोत्सवात मी खुर्च्या मांडण्यापासून सगळे केले होते. ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले त्या गावात माझी फिल्म दाखवायला मी कचरावे, हे मला अपमानास्पद वाटले. हे वाक्य मी तेव्हा भाषणात वापरतही असे. टाळ्या पडत.

सांगलीचा खेळ जुलै २००७ मध्ये एका लहान सभागृहात झाला, साठेक माणसे होती. फिल्मच्या मध्यावर एक प्रसंग आहे. पडदा जवळजवळ काळा आहे, शेडमधले दिवे गेले आहेत, आणि थोरली अंधारात क्रेट मोजते आहे. आपल्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला एक न म्हणता 'लाभ' म्हणतात, तसेच ती म्हणते, पण तिची मोजणी म्हणजे जवळपास ओवीच असते: "लाऽऽभ, दोन गं, तीन गं," आणि अकरा आले की दर वेळी "अकरा गं माझे आई" असे म्हणून ती किंचित थांबते. मग धाकटी अंधारातून हसते. चेहरा नाही, नाव नाही, काळा पडदा आणि एक मोजणी. माझ्या मते ती फिल्ममधली सर्वांत सुरक्षित दोन मिनिटे होती. "अकरा गं माझे आई" ला चौथ्या रांगेतला एक माणूस मोठ्याने हसला. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. ते हसू ऐकून मला अतिशय आनंद झाला. मुंबईत तिथे कोणी हसले नव्हते. इथल्या माणसाला आपली फिल्म कळली, असे मला वाटले, आणि घरी येऊन आईला मी हे आवर्जून सांगितले.

तो माणूस दोन हंगाम त्याच शेडवरून टेंपोने माल नेत होता.

पाचव्या दिवशी सकाळी फोन आला. एक रुपयाच्या नाण्याचा डबा होता, मिनिट संपत आले की त्यात बारीक पीप वाजायची. धाकटी बोलत होती. पहिल्या रुपयात ती म्हणाली, "ताई, त्या टेंपोवाल्यानं वळखलं. गावात समद्यास्नी सांगितलंय." दुसऱ्या रुपयात तिच्या भावाने मोबाइल काढून घेतल्याचे, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ लावतो म्हणून कोणी धमकावल्याचे आणि मंगळवारी तिला न्यायला माणसे येणार असल्याचे कळले. ते कलम दोन बायकांना लागू होते की नाही यावर वकिलांत वाद होता, हे मला तेव्हा माहीत होते, आणि मी मूर्खासारखी तेच तिला सांगू लागले. त्यात तिचा रुपया संपला. तिसऱ्या रुपयात ती एवढेच म्हणाली, "ती फिल्म बंद कर. तिला काय व्हायला नको." तीन रुपयांच्या त्या बोलण्यानंतर तिचा आवाज मी प्रत्यक्ष ऐकलेला नाही. कर्नाटकात कुठेतरी लग्न लावून दिले एवढे समजले. थोरलीला त्या भागातल्या एकाही शेडवर पुढची तीन वर्षे काम मिळाले नाही.

आणि मी काय केले? सोमवारी एसटीने निघाले, फाट्यावर उतरले, हॉटेलात दोन चहा प्याले आणि परत आले. आपण गेलो तर आणखी चिघळेल, असे मी स्वतःला समजावले, आणि ते कदाचित खरेही असेल. सज्ञान मुलीला घरच्यांनी डांबले तर तिला न्यायालयापुढे हजर करा असा, म्हणजे हेबियस कॉर्पसचा, अर्ज करता येतो, हे मला पुढे दीड वर्षाने, दुसऱ्या एका मुलीच्या वेळी शिकायला मिळाले. त्यानंतर अशा मुलींसाठी मी किती पोलीस ठाण्यांत बसले हे माझ्याबरोबरच्यांना माहीत आहे. लोक त्याला माझे कार्य म्हणतात. मला त्या कामात अजूनही फाट्यावरचा चहा दिसतो, पण त्याची वजाबाकी काही जमत नाही.

फिल्म मी त्याच आठवड्यात काढून घेतली. त्यानंतर कायद्यात काही घडले की फोन येतात. २ जुलै २००९ ला असे संबंध गुन्हा नाहीत असा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा "आता दाखवा" म्हणून आले. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला तेव्हा "आता तर दाखवलीच पाहिजे" म्हणून आले. ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ ची धार गेली त्या रात्री तर मी फोन बंद करून झोपले. निकालाचा आनंद मला झाला नाही असे नाही, मी पेढे वाटले. पण कोणाला हंगामाला बोलवायचे हे शेडवाला सर्वोच्च न्यायालयाला विचारून ठरवत नाही, आणि लग्नाचा हक्क तर १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने नाकारला, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

घाबरलात का, या प्रश्नाला माझे उत्तर होय असे आहे. फक्त कोणासाठी, हे मला सांगता येत नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले, म्हणजे धोक्याच्या पातळीच्या वर आणखी बारा फूट, आणि आमच्या तळमजल्यात शिरले. आई वरून ओरडत होती आणि मी गुडघाभर पाण्यात १९ टेपांचा खोका हातात घेऊन उभी होते. हा इथेच ठेवला तर प्रश्नच मिटेल, असे मनात आले. अर्धा मिनिट तरी मी तशी उभी असेन. मग खोका वर नेला. आईची औषधे नंतर आणली.

२०२२ मध्ये थोरली मला मिरजेच्या स्टँडवर भेटली. मी ओळखले नाही, तिने हाक मारली. केस पांढरे झाले होते, आवाज तोच होता. फिल्म का बंद केली ते मी तिला सांगितले, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "माझ्यापायी बंद कर म्हणली व्हय ती? आन मला इचारलं कुणी?" मी म्हटले, तुला त्रास झाला. ती म्हणाली, "तरास झाला तो झालाच की. तू आधी माझं त्वांड झाकलंस, मग आवाजबी झाकलास. ऱ्हायलं काय?"

ती म्हणते दाखव. जिने बंद कर म्हटले तिला विचारायची सोय नाही. शोधायला जावे तर तिच्या सासरी पुन्हा तेच व्हायचे. दोघींची फिल्म एकीच्या होकारावर दाखवता येत नाही असे मी म्हणते, आणि मग एकीच्या नकारावर ती बंद कशी केलीस, असे मीच मला विचारते. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुली म्हणतात, आता तरी आवाज बदलून दाखवा. थोरलीला मी तेही विचारले. ती नुसती हसली.

फिल्म तिने अखेर माझ्या घरी लॅपटॉपवर पाहिली. स्वतःची मोजणी आली तेव्हा तिचा चेहरा हलला नाही. धाकटीचे हसू आले तेव्हा मात्र म्हणाली, "परत लाव." चार वेळा लावले. मग तिने विचारले, "अजून हाय का तिचं कायतरी?"

आहे. १९ तासांतले मी ३८ मिनिटे वापरले होते. त्या छोट्या टेपा चालवणारा कॅमेरा आता सहजी मिळत नाही. मिरजेत लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका गृहस्थांकडे जुना आहे, पण त्याचे हेड झिजलेले असल्यामुळे दर वीस मिनिटांनी थांबून ते पुसावे लागते. सात टेपा उतरवून झाल्या आहेत. थोरली महिन्यातून एकदा येते, तिच्या बटणांच्या फोनमधले कार्ड माझ्याकडे देते आणि मी त्यावर आवाज भरून देते. पाचव्या टेपेवर धाकटी मजुरीच्या हिशेबावरून मुकादमाशी चांगली अकरा मिनिटे भांडते आहे. तेव्हा तो भाग मला निरुपयोगी वाटला होता. थोरली शेतावर जाताना तोच लावते.