पीएस ४ साठी बाहेरची डिस्क : यंत्रमागाच्या वरच्या मजल्यावरून

१२ एप्रिल

आज पुन्हा जागा अपुरी असल्याचा मेसेज. माझा पीएस ४ स्लिम, म्हणजे सोनीचा टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल, ५०० जीबीचा आहे. त्यातलं सिस्टीमचं वगळलं की हातात चारशेच्या आसपास उरतात आणि एकटा जीटीए फाइव्ह हा गेमच नव्वदच्या घरात जातो. त्यात पीएस ४ ची अपडेटची पद्धत माहीत असेलच. डाउनलोड संपलं की ‘कॉपी करत आहे’ सुरू होतं, म्हणजे जुना गेम बाजूला ठेवून नवा बांधला जातो. पाच जीबीच्या अपडेटला म्हणूनच कितीतरी जास्त मोकळी जागा लागते. गेम काढायचा, अपडेट करायचा, पुन्हा दुसरा डाउनलोड करायचा, असं वर्षभर केलं. आता बस.

सोनीने मार्च २०१७ च्या ४.५० अपडेटपासून बाहेरची डिस्क चालवायची सोय दिली आहे. २५० जीबी ते ८ टीबी, यूएसबी ३, कन्सोलला थेट जोडलेली. मध्ये हब, म्हणजे एका पोर्टाचे अनेक करणारा जोड, चालत नाही. म्हणजे जोडता येईल का हा प्रश्नच नाही, माझ्या घरात कोणती टिकेल हा आहे.

आमचं घर सोलापुरात अशोक चौकाकडे, खाली काकांचे माग आणि वर आम्ही. टॉवेलचे माग चालू असले की जमीन बारीक हलत राहते. लहानपणापासून सवय आहे, त्यामुळे आम्हाला जाणवत नाही. आज टीव्हीच्या टेबलावर पाण्याचा पेला ठेवून पाहिला. पाण्यावर सारखी वर्तुळं उठत होती, एक विरायच्या आत दुसरं. हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ५,४०० वेळा फिरते आणि तिच्यावर केसाहूनही कमी अंतरावर हेड तरंगतं. त्या टेबलावर ती दिवसरात्र ठेवायला माझा जीव होत नाही.

१५ एप्रिल

तरी खात्री करायची म्हणून जुळे सोलापूरच्या मावसभावाची २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क आठवडाभरासाठी आणली. तो म्हणाला, “दादा, माझी तीन वर्षं चालतीय, घे बिनधास्त.” त्याच्या घरात माग नाही, हा फरक आहे.

गेम व्यवस्थित चालले. पण कॉपीच्या वेळी ती पार दमते. सुरुवातीला वेग बरा, मग एकदम पडतो. अशा बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकांवर चढवलेल्या असतात. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची सगळी उचलून परत मांडावी लागतात. नुसता गेम वाचायला याचा त्रास नाही, पण अपडेटमध्ये सगळा खेळ लिहिण्याचाच असतो. एका अपडेटला आमचं जेवण होऊन भांडी घासून झाली तरी स्क्रीनवरची पट्टी अर्ध्यावरच होती.

३.५ इंची मोठी डिस्कही डोक्यात होती. तिला स्वतःचा अडॅप्टर लागतो, म्हणजे लाईट गेल्यावर सांभाळायची आणखी एक वस्तू. ती बाद.

२३ एप्रिल

ही नोंद मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण यात माझे पैसे गेले आणि तुमचे जाऊ नयेत. आता एसएसडीच घ्यायची ठरवली, म्हणजे चिपवर माहिती ठेवणारी, आत काहीच न फिरणारी डिस्क. ऑनलाइन एका विक्रेत्याकडे २ टीबीची फारच स्वस्त दिसली आणि मी मागवली. हातात घेतली तेव्हाच हलकी वाटली. कन्सोलने ती फॉरमॅट केली, आकार २ टीबी दाखवला, एक लहान गेमही चालला. मोठा गेम हलवल्यावर मात्र तो उघडेना, डेटा खराब असल्याचं सांगू लागला.

लॅपटॉपवर एच२टेस्टडब्ल्यू (H2testw) चालवलं. हा प्रोग्राम डिस्क काठोकाठ भरतो आणि मग लिहिलेलं परत वाचून ताडून पाहतो. साठ जीबीनंतर सगळा कचरा. सुरीच्या टोकाने कव्हर उघडलं तर आत एक छोटी पट्टी, तिच्यावर मोबाईलमधलं मेमरी कार्ड खोचलेलं आणि वजनासाठी लोखंडाचा तुकडा डिंकाने चिकटवलेला. कार्डाला शिकवून ठेवलेलं असतं की विचारलं की २ टीबी सांग. खरी जागा संपली की जुन्यावरच लिहिणं सुरू. परत करण्याची मुदत पाहूनच घ्या, आणि कन्सोलला लावायच्या आधी ही चाचणी पूर्ण होऊ द्या. रात्रभर लागली तरी चालेल.

४ मे

शेवटी नवी पेठेतल्या दुकानातून १ टीबीची साधी साटा (जुन्या, कमी वेगाच्या जोडणीची) एसएसडी आणि वेगळी यूएसबी ३ ची केस घेतली. स्क्रूवाली, अ‍ॅल्युमिनियमची. महागडी एनव्हीएमई, म्हणजे त्याहून वेगवान प्रकारची एसएसडी, घेतली नाही. पीएस ४ चा पोर्टच सेकंदाला ५ गिगाबिटचा, त्यापुढचा वेग तिथे वाया जातो.

उन्हाचाही हिशोब केला. आज बाहेर ४२ आणि आमच्या पत्र्याखालच्या खोलीत रात्री दहालाही भिंत गरम. कितीतरी पोर्टेबल हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात चालवायची मर्यादा ३५ अंश असते, साटा एसएसडीची ७०. पीएस ४ ची स्वतःची मर्यादाही ३५ च आहे, त्यामुळे दुपारी मी तो लावतच नाही. मागाचं तूस पंख्यात बसतं ते वेगळंच, दर रविवारी ब्रशने काढतो.

जीटीए फाइव्ह सुरू व्हायला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉच लावून पाहिलं. आतल्या डिस्कवरून १ मिनिट १४ सेकंद, एसएसडीवरून ४८. त्याहून मोठा आनंद कॉपीचा. ती आता चहा गाळेपर्यंत होते.

एक मात्र ध्यानात ठेवा. गेम बाहेर जातात, पण सेव्ह आणि स्क्रीनशॉट आतल्याच डिस्कवर राहतात. सेव्हची एक प्रत मी पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवतो.

२१ मे

वळवाचं वादळ आलं आणि गेम चालू असतानाच लाईट गेली. इन्व्हर्टर असूनही कन्सोल बंद पडला. परत सुरू केल्यावर ‘डिस्क दुरुस्त करत आहे’. एसएसडी असली तरी लिहिता लिहिता वीज गेली की हे होणारच. माझ्या छातीत धडधड, पण दोन मिनिटांत सगळे गेम जागेवर दिसले.

मग इन्व्हर्टरच्या मागे हात घातला तर बटण इको मोडवर. त्या मोडमध्ये मेनवरून बॅटरीवर यायला इतका वेळ जातो की पंख्याला कळत नाही, कन्सोलला कळतं. बटण यूपीएस मोडवर केलं, मेन स्विच तीनदा पाडून पाहिला, तिन्ही वेळा गेम चालूच राहिला. आई म्हणाली, “अरे, दूध तापतंय इंडक्शनवर, किती वेळा पाडशील?”

९ जून

एसएसडी लावून महिना झाला, त्या वादळानंतर दुरुस्तीचा मेसेज परत आलेला नाही. डिस्क काढायची असली की पीएस बटण दाबून धरून, ध्वनी आणि डिव्हाइसेसच्या मेनूतून वापर थांबवतो आणि मगच केबल ओढतो. केस टेबलाच्या मागच्या बाजूला दुहेरी टेपने चिकटवली आहे, केबल सैल ठेवली आहे, कारण हादऱ्याने आता हलणारी एकच गोष्ट उरलीय, ती म्हणजे पोर्टमधली पिन.

मावसभाऊ पीएस ५ घ्यायचं म्हणतोय. हीच डिस्क तशीच त्याला जोडली तर यातले पीएस ४ चे गेम तिथे थेट चालतात. पीएस ५ चे गेम मात्र यूएसबी डिस्कवर फक्त साठवता येतात, खेळायला आत आणावे लागतात. त्याचा कन्सोल आला की पुढची नोंद त्याच्या एम.२ च्या, म्हणजे आत जादा एसएसडी बसवायच्या, खाचेबद्दल लिहीन.