आमची वाटचाल : झेरॉक्समध्येही ओळखू येणारी ओळख

औषधांची खोकी, बाटल्यांची लेबलं, माहितीपत्रकं. आमचा स्टुडिओ सुरुवातीला या कामांवर चालायचा. काम नियमित होतं, पण फाइल छापखान्यात गेली की आमचा संबंध संपायचा. मग सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेने ब्रँड गाइड, म्हणजे लोगो, रंग, फॉन्ट आणि फोटो कसे वापरायचे याची नियमपुस्तिका, करून मागितलं आणि आमच्या धंद्याला वेगळं वळण लागलं.

आधी त्यांचं जुनं साहित्य मागवलं. प्रत्येक प्रकल्पाने लोगो आपापल्या परीने ताणलेला, रंग बदललेला, तळाशी निधी देणाऱ्यांच्या चिन्हांची दाटी. यात कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. शिबिराची तारीख डोक्यावर असली की माणूस हाताला लागेल ती फाइल उचलतो.

पहिला वाद लाल क्रॉसवरून झाला. ‘आरोग्य म्हटलं की हेच चिन्ह,’ असं त्यांचं म्हणणं. पण पांढऱ्यावरचा लाल क्रॉस १८६४च्या जिनिव्हा करारात युद्धातल्या वैद्यकीय सेवेची खूण म्हणून ठरला आणि १९४९च्या करारांनी त्याच्या इतर वापरावर बंदी घातली. रेड क्रॉस चळवळीबाहेरच्या संस्थेने तो लावायचा नसतो. मग दोन सापांची, पंखांची काठी पुढे आली. ती ग्रीकांच्या हर्मीस देवाची, म्हणजे व्यापाराच्या देवाची! वैद्यकाची काठी अ‍ॅस्क्लेपियसची, तिच्यावर साप एकच. जागतिक आरोग्य संघटनेच्या चिन्हात तीच आहे. शेवटी क्रॉस आणि साप दोन्ही वगळून संस्थेच्या नावाची अक्षरं हीच खूण ठरवली.

रंगांवर त्याहून जास्त वेळ गेला. त्यांना लाल, पिवळा, हिरवा हवा होता, दिसायला प्रसन्न म्हणून. पण कुपोषण तपासताना सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांच्या दंडाला जी पट्टी लावतात, तिच्यावर हेच रंग असतात : ११.५ सेंमीच्या आत लाल, तिथून १२.५पर्यंत पिवळा, पुढे हिरवा. ज्या कार्यकर्तीच्या लेखी लाल म्हणजे ‘मूल धोक्यात’, तिच्या हातात लाल नक्षीचं पत्रक द्यायचं? म्हणून गाइडमध्ये हे तीन रंग फक्त इशाऱ्यासाठी राखले, सजावटीला गडद निळा दिला. शिवाय लाल-हिरव्यातला फरक काहींना, विशेषतः पुरुषांना, नीट दिसत नाही. तेव्हा इशाऱ्याच्या रंगासोबत शब्द किंवा आकार असलाच पाहिजे, असा नियम केला. मजकूर आणि पार्श्वभूमीतला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५ : १ ठेवला, कारण वेबसाइटच्या सुलभतेचे निकष साध्या आकाराच्या मजकुरासाठी तेवढाच मागतात.

फॉन्टचा निर्णय लवकर झाला. विकतचा फॉन्ट प्रत्येक शाखेच्या संगणकावर कोण घालणार? खुल्या परवान्याचा ‘मुक्त’ घेतला आणि ओळींमधलं अंतर जरा सैल ठेवलं, वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडू नयेत म्हणून.

फोटोंबाबत निधी उभारणाऱ्या मंडळींशी आमचं पटलं नाही. खंगलेला चेहरा दाखवला की देणग्या येतात, असा त्यांचा अनुभव. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. तरी आजारपण हीच त्या माणसाची एकमेव ओळख करणारं चित्र नको, यावर आम्ही अडून बसलो. लेखी संमती, मुलांसाठी पालकांची संमती, आणि क्षयरोग किंवा एचआयव्हीच्या मजकुराशेजारी ओळखू येईल असा चेहरा नाहीच, एवढं अखेर मान्य झालं.

प्रत्येक पानाची चाचणी एकच : काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सची झेरॉक्स काढायची आणि वाचून पाहायचं. गाइडही आटोपशीर ठेवलं, कारण जाडजूड पुस्तिका कपाटात जाते. त्यापेक्षा रोजच्या वर्ड आणि पॉवरपॉइंटमध्ये उघडणारे तयार नमुने दिले. खरं सांगायचं तर गाइडपेक्षा हे नमुनेच जास्त वापरले जातात.

या कामानंतर आम्ही पानाप्रमाणे दर लावणं सोडलं. आता कोटेशनमध्ये गाइड, नमुने, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आणि वर्षानंतरची फेरतपासणी एकत्र असते. नुसता लोगो हवा असेल तर आम्ही नम्रपणे नकार देतो. मजकुराचा गुंता सोडवायला एक लेखिका पूर्णवेळ आमच्याकडे आली, तीही या कामामुळेच.

सध्या माता-बाल आरोग्याच्या एका संस्थेचं गाइड हातात आहे. त्यांना गुलाबी फीत हवी आहे. ती लोक स्तनाच्या कर्करोगाशी जोडतात, हे आम्ही कळवलं आहे. पुढची बैठक त्यावरच आहे.