वेश नवा, चाली त्याच

आज धरमपेठेत ताईकडे गेलो, तर भाचा लॅपटॉपवर १९९३ सालचा 'स्टार वॉर्स चेस' लावून बसलेला, म्हणजे 'स्टार वॉर्स' सिनेमातली पात्रं मोहरे असलेला बुद्धिबळाचा कॉम्प्युटर गेम. मोहरा मारला की पटावरच दोघांची लढाई जुंपते. "पाहा नं मामा, कसा मारते तो!" निव्वळ लढाई पाहायला पठ्ठ्याने वजीर देऊन टाकला.

ही कल्पना इंटरप्ले कंपनीच्या १९८८ च्या 'बॅटल चेस' या गेममध्येही होती. त्यात हत्ती दगडी राक्षस होऊन वजिराला चक्क गिळतो! बुद्धिबळाच्या एकाही नियमाला धक्का न लावता त्यात नाट्य भरलं, हे मला मनापासून आवडतं. एक मात्र खटकतं: मोहरे इतके नटवले, की उंट कोणता नि घोडा कोणता हे शोधण्यातच वेळ जातो. पट एका नजरेत कळायलाच हवा.

मग लाकडी पट मांडला. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून तो माळ्यावर गेलेलाच नाही. भाच्याने प्यादं सरकवलं, तेही तोंडाने लेझर तलवारीचा आवाज काढत. काढू दे की! रविवारी त्याला कॅसलिंग, म्हणजे राजा नि हत्ती एकाच चालीत हलवणं, शिकवणार आहे.