सोर्स पाठवा, बायनरी नको

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या भांडारात पॅकेज (सॉफ्टवेअरचा गठ्ठा) पाठवताना मेंटेनरने, म्हणजे ते सांभाळणाऱ्याने, स्वतःच्या संगणकावर तयार केलेली बायनरी (थेट चालणारी तयार फाइल) चालत नाही, हा नियम नव्या मंडळींना जाचक वाटतो. मला मात्र तो सर्वांत शहाणपणाचा वाटतो. 2019 पासून अशा बायनरी ‘टेस्टिंग’ शाखेत, म्हणजे पुढची आवृत्ती जिथे आकार घेते तिथे, जात नाहीत; केवळ सोर्स (मूळ कोड) पाठवायचा आणि बांधणी प्रकल्पाच्या बिल्ड सर्व्हरवर होऊ द्यायची. अगदी नवे पॅकेज तेवढे पहिल्यांदा बायनरीसह द्यावे लागते आणि मंजुरीनंतर नुसत्या सोर्ससह पुन्हा पाठवावे लागते (ही दुहेरी हमाली कंटाळवाणी आहे खरी).

कारण उघड आहे. आपल्या संगणकावर कधीतरी बसवलेली एखादी लायब्ररी बांधणीत गुपचूप वापरली जाते, ‘बिल्ड-डिपेंड्स’मध्ये (बांधणीला लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) तिचे नावही नसते, आणि आपल्याकडे सुरळीत बनलेले पॅकेज स्वच्छ क्रूटमध्ये (बाकी प्रणालीपासून वेगळ्या, कोऱ्या वातावरणात) त्या लायब्ररीची हेडर फाइल सापडत नाही म्हणून अडते. त्यामुळे आधी ‘एसबिल्ड’ हे अशा स्वच्छ वातावरणात बांधणी करणारे साधन चालवून पाहावे. बांधणीच्या वेळी इंटरनेटवरून काही उतरवून घेण्यासही मनाई आहे. चेंजलॉग (बदलांची नोंद), परवान्यांची नोंद आणि जीपीजी सही (पाठवणाऱ्याची ओळख पटवणारी डिजिटल सही) हे ओघाने आलेच.

‘टेस्टिंग’मध्ये जाण्याआधी सहसा चेंजलॉगमध्ये लिहिलेल्या तातडीनुसार 2, 5 किंवा 10 दिवस थांबावे लागते, तातडी वाढवून लिहिण्याचा मोह सुरक्षेच्या दुरुस्त्यांपुरताच ठेवावा. त्या अवधीत नवा रिलीज-क्रिटिकल बग (प्रकाशन अडवण्याइतका गंभीर दोष) नोंदला गेला, तर पॅकेज तिथेच थांबते.