कंबर माझी, व्यायाम शेजारणीचा

गेल्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी आदोळीवर (विळीसारख्या खवणीवर) बसून नऊ नारळ खवले आणि उठायला गेले तर कंबरेत अशी उसण भरली की भिंत धरूनच उभी राहिले. माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची सजावट) बांधली नवऱ्याने, मी खुर्चीवरून नुसत्या सूचना देत होते (त्याला नाहीतरी सूचना आवडत नाहीतच). मग शेजारणीने व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवला, उताणं झोपून गुडघे छातीशी घ्यायचे. तिचं दुखणं त्याने बरं झालेलं. मी आठ दिवस इमानदारीत केलं आणि कंबरेतली कळ मांडीतून पार पोटरीत उतरली, फोंड्याहून पणजीला स्कूटरने जायचं म्हणजे बाणस्तारीचा पूल येईस्तोवर पाय बधिर.

एमआरआयमध्ये ‘डिस्क बल्ज’ (मणक्यांमधली गादी फुगून बाहेर आलेली) आलं आणि मी रडलेच. एका ठिकाणी दहा दिवस ट्रॅक्शन (मशीनने कंबर ताणायची), अल्ट्रासाऊंडचा उपचार आणि वर कंबरेचा एक महागडा बेल्ट. नंतर कळलं की जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी गाइडलाइन काढली त्यात या तिन्ही गोष्टी करू नका म्हटलंय, व्यायाम मात्र करा म्हटलंय. माझे पैसे गेले ते गेले.

मग जी फिजिओ मिळाली तिने मशीनला हातच लावला नाही. अर्धा तास नुसते प्रश्न, सकाळी जास्त का संध्याकाळी, बसून का चालून. मग दहा वेळा पुढे वाकायला लावलं, पोटरी पेटली. मग पालथं झोपून हातांवर छाती उचलायची, कंबर ढिली सोडून, दहा वेळा. “काकी, आता कुठं दुखतंय?” मी चाचपून बघते तर पोटरी मोकळी, दुखतंय फक्त कंबरेत, उलट थोडं जास्तच! ती खूश. म्हणाली दुखणं पायातून वर सरकलं म्हणजे ही दिशा तुमची. ही पद्धत न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झीची, १९५६ साली त्याचा एक पेशंट चुकून डोकं वर केलेल्या पलंगावर पालथा पडून राहिला आणि त्याचं पायातलं दुखणं थांबलं, तिथून हे सुरू झालं म्हणे.

बल्जचं विचारलं तर म्हणाली पन्नाशीतल्या, काहीच दुखत नसलेल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या एमआरआयमध्ये तो दिसतो. पाय लुळा पडायला लागला, लघवी अडली किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला तर मात्र व्यायाम वगैरे सोडून थेट हॉस्पिटल, हे तिने दोनदा बजावलं.

गंमत म्हणजे माझ्या दिराला चालताना दुखतं आणि बसलं की बरं वाटतं, त्याला तिने नेमका तोच शेजारणीचा व्यायाम दिला! म्हणजे व्हिडिओ वाईट नव्हता, माझा नव्हता एवढंच.

पोटरी शांत झाल्यावर माझं वेळापत्रक माझ्या घरावरून बेतलं. विहिरीवरची कळशी आधी अर्धी भरून, गुडघ्यात आणि खुब्यात वाकून उचलायची, दोन आठवड्यांनी पाऊण, मग पूर्ण. बाणस्तारीला स्कूटर थांबवून पाच वेळा मागे वाकायचं, लोक बघतात, बघू देत. नारळ एका बैठकीत दोनच, मग उठायचं. सासूबाई म्हणाल्या अशाने सोय (खवलेला नारळ) कधी व्हायची, आता त्याही मधे उठतात.

परवा शेजारणीचा मेसेज, तिचं परत दुखायला लागलंय, तुझा व्यायाम पाठव. मी लिहिलं, आधी सांग बसून दुखतं का चालून. ब्लू टिक आलीय, उत्तर नाही.